चवीवर मालकी कोणाची?

बेल्जियममधील गडद, कडक बिअरच्या आस्वादावर या पानावर लिहिण्याचे कारण काय, असे काही साथी कपाळाला आठ्या घालून विचारतील. श्रमिकांच्या पोटापाण्याचे प्रश्न आ वासून उभे असताना हे रसिकतेचे चोचले कशाला? या प्रश्नामागील तळमळ मला मान्य आहे. त्यामागील गृहीतक मात्र मान्य नाही. चव हा सुखवस्तूंचा विषय, कामगाराला फक्त पोट भरायला हवे, असे ते गृहीतक आहे आणि ते मालकवर्गाच्या सोयीचे आहे. कामगाराला चव कळत नाही असे एकदा ठरले, की त्याच्या पुढ्यात काय टाकायचे हे ठरवण्याचा अधिकार आपोआप दुसऱ्याच्या हाती जातो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. ट्रॅपिस्ट पंथाच्या मठांतील शिमेच्या निळ्या बिअरमध्ये ९ टक्के मद्यार्क असतो, 'वेस्टफ्लेटेरेन १२' मध्ये १०.२ टक्के आणि 'रोशफोर १०' मध्ये ११.३ टक्के. तिचा काळसर तपकिरी रंग मुख्यतः येतो तो आपल्या काकवीसारख्या दिसणाऱ्या, आटवून गडद केलेल्या साखरेच्या पाकातून. ही साखर यीस्ट जवळजवळ पूर्णपणे खाऊन टाकते. त्यामुळे पेय कडक होते, पण जड व मिट्ट गोड होत नाही. मनुका, सुके अंजीर, पिकलेले केळे, किंचित लवंग असे जे वास पेल्यातून येतात, त्यांतले बरेचसे यीस्टने घडवलेले असतात. फळ वा मसाला त्यात घातलेलाच असतो असे नाही. बाटलीत भरल्यावरही थोडी साखर व जिवंत यीस्ट आत राहते आणि आंबण्याची क्रिया पुन्हा होते. म्हणून ही बिअर वर्षानुवर्षे ठेवता येते व ठेवल्याने बदलत जाते.

ती प्यायची रीतही या घडणीतूनच आलेली आहे. ती बर्फासारखी गार करायची नाही, कारण फार गारव्याने वास मरतात. तळघराच्या गारव्याची, दहा ते चौदा अंशांची असावी. पेला रुंद तोंडाचा. ओतताना तळाचा गाळ बाटलीतच ठेवायचा. आधी वास घ्यायचा, मग लहान घोट, आणि घोटानंतर थांबायचे. घशाखाली उतरणारी ऊब आणि मागाहून येणारी जळक्या साखरेची कडवट छटा या थांबण्यातच कळते. एक लहान बाटली तासभर पुरावी. यात कोणते उच्चकुलीन ज्ञान लागते? ज्या शेतमजूर बाईला हातात घेतल्याबरोबर ज्वारी कोठली व कोणत्या हंगामाची हे कळते, तिच्या नाका-जिभेला हे अवघड नाही. लागतो तो फक्त वेळ. आणि वेळ हीच कामगारापासून हिरावून घेतलेली पहिली वस्तू आहे. बेल्जियममध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९२१ साली झाला, तो कामगार चळवळीच्या दीर्घ झगड्यानंतर. स्वतःच्या मालकीचा तास मिळाल्याखेरीज आस्वाद संभवतच नाही.

आता आपल्याच घरातील चुकीकडे वळू. बेल्जियन मजूर पक्षाची स्थापना १८८५ साली झाली, ती ब्रसेल्सच्या ग्रॉं प्लास चौकातील 'हंस' नावाच्या पानगृहात. पुढे त्याच वास्तूत महागडे उपाहारगृह थाटले गेले, हा इतिहासाचा विनोद बाजूला ठेवू. या पक्षाचा थोर नेता एमिल व्हँडरवेल्ड मद्यविरोधी चळवळीचा पुरस्कर्ता होता. जेनेव्हर नावाच्या ऊर्ध्वपातित दारूने कामगारवस्त्यांची कशी धूळधाण केली, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचा संताप खराच होता. न्यायमंत्री असताना १९१९ साली त्याने केलेल्या कायद्याने पानगृहांत अशी कडक दारू देण्यास बंदी आली. दुकानातून ती विकत घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घेतली पाहिजे अशी अट पडली.

या अटीचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. दोन लिटर दारूचे पैसे एकरकमी मोजणे मजुराला झेपणारे नव्हते. वकील, गिरणीमालक वा जमीनदार यांना ते सहज शक्य होते. श्रीमंताचे दिवाणखान्यातील कपाट भरलेले राहिले व गरिबाचा पेला रिकामा झाला. नैतिकतेच्या नावाने केलेला कायदा किमतीच्या वाटेने वर्गभेद पाळू लागला, आणि तो एका समाजवाद्याने केला. या बंदीमुळे पानगृहांत अधिक कडक बिअरला मागणी वाढली व त्या प्रकाराच्या भरभराटीस हातभार लागला, असे बेल्जियन बिअरच्या इतिहासात सामान्यतः मानले जाते. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. मधल्या चौसष्ट वर्षांत दारूचे दुष्परिणाम कमी करण्याचे एक कोडे सुटायचे राहिलेच: माणूस शुद्ध हरपण्यासाठी का पितो?

हे आपल्याला परके नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ज्याला डॉक्टरचा दाखला व परवाना मिळवता आला त्याची सोय झाली. ज्याला नाही, तो हातभट्टीकडे गेला. बंदी पुढे सैल झाली, तरी हातभट्टी राहिलीच, आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती सारी गरीब वस्तीतली होती. आज आपल्या बाजारात सर्वाधिक खपणारी बिअर 'स्ट्राँग' असते, पण त्या कडकपणाचा चवीशी संबंध नाही. कमी पैशांत लवकर चढणे एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. दमलेल्या माणसाला तासभराचे विस्मरण विकायचे, हा तो धंदा आहे. मठातील बिअर त्याहून अधिक कडक असूनही सावकाश प्यावी अशी घडवलेली असते. फरक अंशांचा नाही, हेतूचा आहे. मद्यपानाने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील स्त्रियांचे दुःख मी क्षणभरही विसरत नाही. जो पीत नाही त्याने या लेखामुळे प्यायला लागण्याचे काहीच कारण नाही.

सोवळ्या साथींविषयी इतके पुरे. आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू, म्हणजे तथाकथित मर्मज्ञांकडे. वेस्टफ्लेटेरेनच्या सेंट सिक्स्टस मठातील भिक्षू आपल्या निर्वाहापुरतीच बिअर बनवतात. मागणी वाढली म्हणून ते उत्पादन वाढवत नाहीत. घेणाऱ्याने ती पुन्हा विकू नये, अशी त्यांची अट आहे. वर्षानुवर्षे त्यांच्या बाटलीवर कागदी लेबलसुद्धा नसे; जी काही माहिती ती झाकणावर. २००५ साली शौकिनांच्या गुणांकनात ही बिअर जगात पहिली ठरली आणि मठाच्या दारात मोटारींच्या रांगा लागल्या. काळाबाजार फोफावला. मार्च २०१८ मध्ये नेदरलँड्समधील एका दुकानसाखळीने मठाला न विचारता हीच बाटली सुमारे दहा युरोंना विकली. मठात तिची किंमत दोन युरोंच्या आसपास होती. मधले आठ युरो कशाचे? त्यात एका दाण्याचे, एका थेंबाचे, एका तासाच्या श्रमाचेही मोल नव्हते. ते केवळ दुर्मीळतेचे भाडे होते. 'मी ती प्यायलो आहे' असे मिरवण्याची ती किंमत होती. चवीचे श्रेणीत रूपांतर झाले, की जिभेचे काम संपते व तिजोरीचे सुरू होते.

याच्या नेमकी उलटी तऱ्हा म्हणजे भाड्याचा मठ. दिनांजवळील लेफच्या मठाने १९५२ साली एका व्यावसायिक बिअरवाल्याशी करार केला. कंपन्यांनी कंपन्या गिळत गेल्या, आणि आज 'लेफ' हे नाव एबी इनबेव्ह या जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या हाती आहे. मठाला नावाबद्दल मोबदला मिळतो व बिअर ल्यूवेनच्या प्रचंड कारखान्यात तयार होते. लेबलावर मात्र मठाचे चित्र, आणि त्यामागे शतकांच्या परंपरेचा देखावा. कारखान्यात बनली म्हणून ती बिअर वाईट, असे मी म्हणणार नाही. आक्षेप हा आहे की, चित्रात भिक्षू दिसतो आणि कामगार दिसत नाही.

तो कामगार दिसला जानेवारी २०१० मध्ये. याच कंपनीने पश्चिम युरोपातील आपल्या सुमारे दहा टक्के नोकऱ्या कापण्याचा बेत जाहीर केला. कंपनी तोट्यात नव्हती; १९१९ च्या कायद्यासारखा परोपकाराचा बहाणाही तिच्यापाशी नव्हता. ल्यूवेन व झ्युपिल येथील कामगारांनी कारखान्यांची फाटके रोखली. सुमारे दोन आठवडे माल बाहेर पडला नाही, दुकानांतील साठे आटू लागले, आणि कंपनीला तो बेत मागे घ्यावा लागला. त्यापूर्वी २००५ साली हुगार्डेन गावातील कारखाना बंद करून तेथील गव्हाची बिअर झ्युपिलला बनवण्याचे ठरले होते. गाव व कामगार विरोधात उभे राहिले, आणि २००७ साली तोही निर्णय फिरला. युनेस्कोने २०१६ साली बेल्जियमची बिअरसंस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. या वारशाची राखण गुण देणाऱ्या रसिकांनी केली की थंडीत फाटकावर उभ्या राहिलेल्या माणसांनी केली, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

चळवळीने चवीकडे पाठ फिरवली, की ती मर्मज्ञाच्या किंवा मक्तेदाराच्या घरी जाते; रिकामी कोणाची वाट पाहत बसत नाही. म्हणून आपली मागणी सरळ आहे. वस्तू कोठे बनली, कोणी बनवली, तिच्यात काय आहे, हे लेबलाने खरे सांगावे. बनवणाऱ्याला त्याच्या कसबाचा मोबदला व त्याच्या नोकरीची शाश्वती असावी. आणि दिवसाच्या शेवटी त्याच्यापाशी एवढा वेळ व एवढे बळ उरावे की पुढ्यातली वस्तू, मग ती बिअर असो, चहा असो वा भाकरी, त्याला थांबून चाखता यावी. जो माणूस चाखू शकतो तो नाकारूही शकतो. मालकाला त्याची धास्ती वाटते ती याचसाठी.