बोरघाटाची बातमी आणि आजचें राजकारण

खोपोलीस बोरघाटाच्या पायथ्याशीं नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देवालय आमच्या पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांत असेल. मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस, माल आणि बातमी त्या काळीं ह्याच वाटेनें वर चढे. आणि नानांच्या राजकारणांत तरवारीपेक्षां बातमीचें वजन अधिक होतें. परराष्ट्रांशीं चालणाऱ्या आजच्या व्यवहारांत इंटरनेटनें जी उलथापालथ केली आहे तिचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस प्रथम हा घाट आठवतो.

नोव्हेंबर १७७८ मध्यें राघोबादादांचा पक्ष घेऊन मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलीवरून ह्या घाटाकडे निघाली. लढवय्ये सुमारें ४,००० आणि सामानाचे बैल १९,०००! सेंट लुबिन नांवाच्या फ्रेंच गृहस्थाचें पुणें दरबारीं झालेलें स्वागत मुंबईकरांच्या डोळ्यांत सलत होतें. त्यांत, आपली फौज घाटावर दिसतांच मराठे सरदार येऊन मिळतील, अशी आशा दादासाहेबांच्या पक्षानें त्यांस लाविली. बातमी गोड होती, म्हणून ती खरी मानली गेली. पुण्यास वकील राहिलेला व तेथील माणसें ओळखणारा मॉस्टिन ऐन वेळीं आजारी पडला आणि १ जानेवारी १७७९ रोजीं मुंबईस वारला. फौज मुंगीच्या पावलानें तळेगांवास पोंचली, तों गांव जळालेला, दाणावैरण नाहींशी, आणि येऊन मिळणारे सरदार कोठेंच नाहींत. त्याच महिन्यांत वडगांवास तह होऊन १७७३ पासून घेतलेला मुलूख परत देण्याचें इंग्रजांनीं कबूल केलें. तो तह वरिष्ठांनीं पुढें झिडकारला, ही गोष्ट निराळी.

हल्लीं बातमी मिळविण्याच्या ह्या धंद्यास डेटा-विश्लेषण असें भारदस्त नांव मिळालें आहे. कोणत्या देशीं गहू किती उभा आहे हें उपग्रह सांगतो, कोणत्या बंदरांत जहाजें अडकलीं आहेत हें तीं जहाजें स्वतःच संदेशांनीं कळवितात, आणि कोणत्या शहरचे लोक कशावर चिडले आहेत हें त्यांच्याच लिहिण्यावरून यंत्र मोजतें. वकिलानें महिनाभर खपून लिहावें तें घटकेंत समोर येतें. परंतु मोजणारा यंत्र असला तरी मानणारा माणूसच आहे. उपग्रह व चोरून ऐकण्याचीं साधनें हाताशीं असतांही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं ५ फेब्रुवारी २००३ रोजीं सुरक्षा समितीपुढें इराकच्या संहारक शस्त्रांची खात्री दिली. युद्ध झालें, सांगितलेले शस्त्रसाठे कांहीं सांपडले नाहींत. दादासाहेबांच्या सरदारांची जात हीच!

हा प्रकार आपल्या ओसरीपर्यंतही येऊन गेला आहे. १५ जून २०२० रोजीं गलवानच्या खोऱ्यांत आपले २० जवान पडले आणि २९ जून रोजीं सरकारनें टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. येथील लोकांची माहिती परदेशीं जाते, हें कारण सांगण्यांत आलें. दोन राष्ट्रांमधला खलिता घरांतील मुलांच्या हातांतल्या फोनमधून पोंचता झाल्याचें उदाहरण आमच्या पिढीनें तरी पूर्वीं पाहिलें नव्हतें.

आतां दुसरी बाजू. २१ जानेवारी २०१० रोजीं श्रीमती हिलरी क्लिंटन यांनीं वॉशिंग्टन येथें भाषण करून इंटरनेटचें स्वातंत्र्य हें अमेरिकेच्या परराष्ट्रनीतीचें अंग असल्याचें जाहीर केलें, आणि सरकारी पडदे चुकविणाऱ्या साधनांस पैसा पुरविला. अशांपैकीं ‘टॉर’ची युक्ति मोठी चतुर आहे. पत्र एका लाखोट्यांत, तो दुसऱ्यांत, तो तिसऱ्यांत. पहिल्या जासुदास पाठविणारा ठाऊक, पण पत्र कोणास जावयाचें तें नाहीं. शेवटच्यास पत्ता ठाऊक, पाठविणारा नाहीं. मधल्यास दोन्हीही नाहीं. ह्या युक्तीचा जन्म अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंत झाला. मात्र त्या वाटेनें सरकारी माणसेंच जाऊं लागलीं तर वाटेवरील प्रत्येक जण सरकारी ठरणार. म्हणून ती सर्वांस मोकळी करावी लागली. वारकऱ्यांच्या मेळ्यांत मिसळल्यावरच जासूद सुरक्षित!

ह्या उदारपणाची परीक्षा लवकरच झाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विकिलीक्सनें अमेरिकी वकिलातींचीं अडीच लाखांहून अधिक पत्रें बाहेर काढण्यास आरंभ केला. तेव्हां वॉशिंग्टनचा सूर पालटला. २०१३ सालीं स्नोडेननें उघड केलें कीं, मोकळ्या इंटरनेटचा पुरस्कर्ताच जगाचीं पत्रें वाचीत आहे. ब्राझीलच्या अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांनीं अमेरिकेची ठरलेली सरकारी भेट रद्द केली. आणि मार्च २०२५ मध्यें तर अशा साधनांस पैसा देणाऱ्या ओपन टेक्नॉलॉजी फंडाचें अनुदान अमेरिकन सरकारनेंच तोडण्याचा हुकूम काढला. फंडास न्यायालयांत धांव घ्यावी लागली.

मग हीं साधनें परक्याच्या स्वार्थाचीं म्हणून टाकून द्यावींत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चीनमध्यें २०१७ पासून व्हॉट्सॲप बंद आहे. तिकडे शिकावयास गेलेला नातू आजीस तोंड दाखवितो तें पुष्कळदां व्हीपीएनच्या आडवाटेनेंच, आणि त्याबद्दल घरांत कोणी त्यास रागें भरत नाहीं. शिवाय आडवाट आपणांस नवी नाहीं. १९४२ सालीं वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप पडलें तेव्हां उषा मेहता व त्यांचे सोबती मुंबईंत जागा बदलीत काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्याच महिन्यांत माथेरानचे भाई कोतवाल व त्यांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडीत होता; २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर त्यांनीं हिराजी पाटलांसह देह ठेविला. सरकारदरबारीं तेव्हां हे सर्व गुन्हेगारच होते. कर्जतकडील कोणत्याही घरांत त्यांस आज त्या नांवानें ओळखीत नाहींत.

तथापि आपल्या सरकारची ह्या बाबतींतील वागणूक आम्हांस पटत नाहीं. परदेशीं आपण लोकशाहीचें बोलावें आणि घरीं २०१८ पासून २०२३ पर्यंत प्रतिवर्षीं इंटरनेट बंद करण्यांत जगांत पहिले असावें, हें वकिलातींतील आपल्याच अधिकाऱ्यांस जड जातें. एप्रिल २०२२ मध्यें व्हीपीएनवाल्यांस ग्राहकांचीं नांवें व पत्ते पांच वर्षें जपून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हां कित्येक कंपन्यांनीं आपलीं यंत्रें येथून हलविलीं. दंगलींत अफवा थांबवाव्या लागतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु काश्मिरांतील बंदीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं सांगितलें कीं, असे हुकूम प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाहीं. पुढें डिसेंबर २०२१ मध्यें संसदेच्या स्थायी समितीनें चौकशी केली असतां आढळलें तें असें: देशांत किती वेळां व कोठें इंटरनेट बंद केलें गेलें, ह्याची नोंद गृहखात्यानेंही ठेविली नव्हती आणि दूरसंचार खात्यानेंही ठेविली नव्हती. नानांचें मेणवलीचें दफ्तर मात्र आजही अभ्यासकांस वाचावयास मिळतें.