हिपॅटायटिस सी : धोका सगळ्यांना सारखा नाही, मग जास्त कुणाला?

हिपॅटायटिस सी हा लिव्हर पोखरणारा विषाणू. तो रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा पाण्यातून तो पसरत नाही. म्हणूनच काहींना त्याचा धोका नावापुरता असतो, तर काहींना फार मोठा.

सुईने नशा करणारे यात सगळ्यात पुढे. एकच सुई चौघांत फिरते. त्यानंतर डायलिसिसवर असलेले, थॅलेसेमिया किंवा सिकलसेलमुळे वारंवार रक्त चढवावं लागणारे आणि एचआयव्ही बाधित. रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांना रक्त चढवलं, तेही यात येतात. बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात साधारण ५.

पण 'आपण नशा करत नाही, मग आपल्याला काय होतंय' हा समज महागात पडू शकतो. इजिप्तचं उदाहरण बघा. नाईलच्या कालव्यात उतरून काम करणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांना बिल्हार्झिया हा कृमीचा आजार व्हायचा. १९५० ते १९८० च्या दशकांत सरकारने गावोगावी त्यावर इंजेक्शनं दिली. काचेच्या सिरिंज नीट न उकळता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. एक रोग हटवायला गेले आणि दुसरा घरात आला. २००८ च्या पाहणीत तिथल्या १५ ते ५९ वयाच्या शंभरातल्या जवळपास १५ जणांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा सापडल्या. शहरापेक्षा खेड्यात जास्त, तरुणांपेक्षा वयस्करांत जास्त.

म्हणजे धोका ठरतो तो कुणाची सुई कुणाला लागली यावर. आपल्याकडेही साध्या तापाला 'सुई मारा' म्हणणारे कमी नाहीत. गोळीने भागत असेल तर गोळीच घ्यावी. सुई लागणारच असेल, तर पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगावं. त्यात लाजायचं काही नाही. जत्रेतलं गोंदण आणि सलूनमधलं ब्लेड यांनाही हाच नियम.

हा आजार वर्षानुवर्षं गप्प राहतो; कळतो तेव्हा कधी कधी लिव्हर निकामी होत आलेलं असतं. लस नाही, पण औषध आहे. साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५ हून जास्त रुग्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध सरकारी केंद्रांवर मोफत आहे. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये. विषाणू अजून अंगात आहे का, हे दुसऱ्या तपासणीतच कळतं. वरच्या यादीत आपण बसत असू, तर जिल्हा रुग्णालयात एकदा विचारणा करावीच.