परक्या चावडीवरील दवंडी

लेखकाने लिहावे, वाचकांनी मत द्यावे आणि त्या मतांच्या प्रमाणात लेखकाच्या पदरी काही नाणी पडावीत. मध्ये ना संपादक, ना एखादी अजस्र परदेशी कंपनी. ब्लॉकचेनच्या, म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी राखल्या जाणाऱ्या साखळीबद्ध नोंदवहीच्या आधारावर उभ्या असलेल्या लेखक-समाजांची ही कल्पना प्रथमदर्शनी कोणालाही भुरळ घालील अशीच आहे. २०१६ साली स्टीमिट या नावाने ती प्रत्यक्षात आली आणि मार्च २०२० मध्ये तिच्यातून फुटून हाईव्ह हा दुसरा समाज निर्माण झाला. या समाजांचे सभासद एक काम मोठ्या हिरिरीने करीत आले आहेत. आपले लेख ते फेसबुकवर आणि एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, नेऊन टाकतात व नव्या मंडळींना आवतण देतात. ज्यांच्या मक्तेदारीस कंटाळून वेगळे बिऱ्हाड थाटले, त्यांच्याच चावडीवर जाऊन दवंडी पिटण्याची पाळी का यावी, आणि त्या दवंडीत नेमके काय सांगितले जाते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरात, तो अधिकच विचारार्ह ठरतो. स्वतःचे व्यासपीठ उभारणे आणि सभासदांच्या मालकीची संस्था गावोगाव हिंडून बांधणे हे दोन्ही धडे या जिल्ह्याने फार पूर्वी गिरविले आहेत. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ साप्ताहिक हाती घेतले आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते कित्येक दशके चालविले. शहरी पत्रांतून ज्यांचा आवाज उमटत नव्हता, त्यांना आपल्या मालकीचे पत्र मिळाले. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या परिसरात शेतकऱ्यांच्या दारोदार जाऊन साखर कारखान्यासाठी भाग जमा केले. प्रा. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे पहिले गाळप झाले. कर्जबाजारी शेतकऱ्याला कमरेचे पैसे काढून देण्यास राजी करणे हाही एका अर्थी प्रचारच होता. तेव्हा प्रचार करावा लागतो म्हणून एखादी संस्था हिणकस ठरत नाही. प्रचारकाच्या मागे काय उभे आहे, हे मात्र पाहिलेच पाहिजे.

विखे पाटलांच्या मागे ऊस उभा होता. तो गाळला की साखर होणार, ती बाजारात खपणार, आणि आलेल्या पैशातून उसाला भाव मिळणार, हा हिशेब अडाणी म्हणविणाऱ्या शेतकऱ्यालाही समजत होता. लेखक-समाजातील नाणे कोठून येते? हाईव्हवर ठरावीक नियमानुसार अखंड नवी नाणी पाडली जातात. त्यांतील मोठा वाटा लेखांच्या पारितोषिकासाठी राखलेला असतो. सात दिवसांच्या मतदानानंतर तो वाटला जातो आणि साधारणतः अर्धा लेखकास व अर्धा मत देणाऱ्यांस मिळतो. म्हणजे वाचकाने लेखाची किंमत मोजली असे येथे घडत नाही. सर्व धारकांजवळील नाणी किंचित पातळ करून हे पारितोषिक दिले जाते. सरकारने नोटा छापून पगार वाटले तर काय होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. नाण्याचा भाव टिकावयाचा तर बाहेरून कोणीतरी ते सतत विकत घेत राहिले पाहिजे. बाहेरच्या चावडीवरील दवंडीचे मूळ येथे आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्टीमचा भाव सुमारे ८ डॉलर होता. पुढे तो असा कोसळला की, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चालक कंपनीला सुमारे ७० टक्के नोकरवर्ग कमी करावा लागला. लेखांचा दर्जा त्या दहा महिन्यांत काही एवढा घसरला नव्हता!

त्याच २०१८ सालच्या पहिल्या तिमाहीत फेसबुक, गूगल आणि ट्विटर यांनी कूटचलनविषयक जाहिरातींवर एकामागून एक निर्बंध जाहीर केले. पैसे मोजून जाहिरात देण्याची वाट अरुंद झाल्यावर सभासदांची तोंडे हेच साधन उरले. हाईव्हच्या गोतावळ्यात तर ट्विटरवर आपल्या लेखांचे दुवे टाकणाऱ्यांना निराळे नाणे बक्षीस देण्याची योजनाही निघाली. येथे थोडे थांबावयास हवे. मित्राने वाचनीय म्हणून लेख पाठविणे वेगळे आणि पाठविल्याबद्दल मोबदला मिळतो म्हणून पाठविणे वेगळे. पहिल्यात शिफारस आहे, दुसऱ्यात अडत आहे. अडत घेणे हा गुन्हा नव्हे; बाजार समितीत ती उघड घेतली जाते. परंतु तेथे अडत्या स्वतःला शेतकऱ्याचा मित्र म्हणवून घेत नाही, निदान पावती फाडताना तरी नाही.

एवढ्यावरून या चावड्यांचा उपयोगच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० साली फेब्रुवारीत ट्रॉनचे प्रवर्तक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी तिच्याजवळील प्रचंड नाणेसाठ्यासह विकत घेतली. सभासदांनी तो साठा मतदानापुरता गोठविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २ मार्च रोजी बायनान्स, हुओबी व पोलोनिक्स या विनिमयगृहांतील, ग्राहकांनी ठेवलेल्या, नाण्यांची मते टाकून निवडून आलेले व्यवस्थापक एका दिवसात दूर सारले गेले. या प्रकाराचा बभ्रा झाला तो प्रामुख्याने ट्विटरवर. बायनान्स व हुओबी यांनी पाठिंबा काढून घेतला आणि २० मार्चला नाराज सभासदांनी हाईव्हचा संसार मांडला. परक्या चावडीवर मांडलेली फिर्याद त्या वेळी कामी आली, हे मान्य केले पाहिजे.

पण मुळात ती फिर्याद करण्याची वेळ का आली? कारण या समाजांत मताचे वजन माणसागणिक नसून अडकवून ठेवलेल्या नाण्यांगणिक असते. सहकारात दहा भाग घेणाऱ्यास एक मत आणि एक भाग घेणाऱ्यासही एकच मत असते. हाईव्हने माणसे बदलली, सन यांच्या ताब्यातील साठा वगळला. मतदानाचे तत्त्व मात्र तेच ठेवले. अर्थात एका सभासदाला एक मत दिल्याने सारे साधते, असा भ्रम नगरकरांनी तरी बाळगू नये. शतकाहून अधिक वयाच्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा सभासदांजवळ मते होतीच. तरीही तेथे ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच होते व दाद मागावयास एक दार होते. साखळीबद्ध नोंदवहीला असे दार नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा कारकुनी करून रात्री कविता लिहिणारा तरुण या आवतणाला लवकर भुलतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मराठीत लिहून चार पैसे मिळतील असे सांगणारे त्याला दुसरे आहे कोण? मात्र ज्यांच्या मताला वजन आहे त्यांना मराठी वाचता येत नसेल, तर उत्तम मराठी लेखालाही मते कोठून मिळावीत? मग तो मोडक्या इंग्रजीत लिहू लागतो. मताला वजन यावे म्हणून पदरचे पैसे घालून नाणी विकत घेतो, तर तेथे अडकविलेली नाणी पूर्णपणे मोकळी होण्यास १३ आठवडे लागतात. त्याला हेही सांगितले जात नाही की, एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही.

जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये मोबदला घेऊन समाजमाध्यमांवर प्रसार करणाऱ्यांना तसे नमूद करण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये कूटचलनाच्या जाहिरातींवर धोक्याची सूचना घालण्याचा नियम केला. हा दंडक एखाद्या विद्यार्थ्याच्या फेसबुकवरील चार ओळींना कितपत लागू होतो, याचा कीस वकिलांनी काढावा. लेखक-समाजांना तो आपण होऊन पाळण्यास कोणाची आडकाठी आहे? लेखाच्या दुव्याखाली ‘हा पाठविल्याबद्दल मला नाणी मिळतात’ एवढे लिहिण्यास जागा फारशी लागत नाही. शिवाय चावडीचा मालक केव्हा कूस बदलील याचा नेम नसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरील संगणकप्रणालींचा फुकट प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा दुवे मोजून बक्षीस वाटणाऱ्या कोणत्याही योजनेच्या हातची मोजपट्टीच काढून घेतल्यासारखे झाले. तरवडीच्या अंकाचे तसे नव्हते. छापखाना गावातच होता, आणि वर्गणीदारांची यादी मुकुंदरावांच्या घरी.