सोशिक

परवा सकाळी गच्चीवर गेले तर अ‍ॅडेनियमला या वर्षीचं पहिलं फूल आलेलं. कडेला गडद गुलाबी, आत पांढुरकं, पाच पाकळ्यांचं. शेजारच्या गच्चीवर त्यांच्या सूनबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या कठड्यापाशी येऊन म्हणाल्या, "काकू, हे झाड बरंय हो तुमचं. पाणी नको, खत नको, कुणी बघायलाही नको. किती सोशिक!"

मी "हो ना" म्हटलं आणि खाली आले. पण तो शब्द काही दिवसभर डोक्यातून जाईना. एक तर तो या झाडाच्या बाबतीत पुरता खरा नाही. आणि दुसरं म्हणजे, हाच शब्द मी स्वतः एकदा फार चुकीच्या जागी वापरला आहे. दोन्ही गोष्टी आज सांगून टाकते.

ज्यांच्याकडे हे झाड नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. नर्सरीत याला 'वाळवंटी गुलाब' म्हणतात, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. हे आपल्या कण्हेरीच्या, चाफ्याच्या आणि सदाफुलीच्या कुळातलं. मूळचं आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. बुंधा खाली मडक्यासारखा फुगलेला, वर आखूड फांद्या आणि फांद्यांच्या टोकाला पानांचे झुपके नि फुलं. चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. तेव्हा छाटताना हातमोजे घालावेत आणि घरात रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.

या झाडाच्या नावाची गोष्ट मला फार आवडते. १७६१ साली डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात एक अभ्यासमोहीम पाठवली. तिच्यात पेटर फोर्स्कोल नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, लिनियसचा विद्यार्थी. येमेनमध्ये वनस्पती गोळा करता करता १७६३ मध्ये तो तापानं गेला. वय अवघं एकतीस! मोहिमेतले बाकीचेही एकेक करत गेले आणि शेवटी एकटा कार्स्टेन नीबूर उरला. हा नीबूर येमेनहून मुंबईला आला होता आणि आपल्या घारापुरीच्या लेण्यांची चित्रं त्यानं काढून नेली. परतल्यावर १७७५ मध्ये त्यानं फोर्स्कोलच्या टिपणांचं पुस्तक छापून घेतलं. त्यात या झाडाचं नाव आहे 'नेरियम ओबेसम'. नेरियम म्हणजे कण्हेर आणि ओबेसम म्हणजे लठ्ठ. लठ्ठ कण्हेर! अ‍ॅडेनियम हे नाव नंतरचं, एडन बंदरावरून पडलेलं.

बघा हं, त्या तापलेल्या मुलखात हे झाड पाहून त्या पोराला 'तहान सोसणारं' असं नाव सुचलं नाही. त्याच्या डोळ्यांत भरला तो भरलेला बुंधा. म्हणजे साठा.

ही गोष्ट कळायला मला मात्र दोन झाडं लागली.

पहिलं २०११ मध्ये आलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नर्सरी काढली आहे, त्यानं हौसेनं आणून दिलं. मी ते तुळशीसारखं सांभाळलं. म्हणजे शेतातली काळी माती आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी. जुलैच्या रिपरिपीत एक दिवस बुंध्याला हात लावला तर बोट आतच गेलं. वाससुद्धा आला. पोरगा येऊन बघून गेला आणि हळूच म्हणाला, "बाई, लाडानं मेलं हो." काळी माती पाणी धरून ठेवते आणि याच्या मुळांना ते चालत नाही, हे तेव्हा कळलं. याला जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं मुरलेलं शेणखत असं भुसभुशीत मिश्रण लागतं. कुंडीला मोठी भोकं हवीत, पाच-सहा तास ऊन हवं आणि सततच्या पावसात डोक्यावर छप्पर हवं.

दुसरं झाड त्यानंच दिलं. ते छान वाढलं. मग आला २०१६ चा उन्हाळा.

आम्ही लातूरचे. तो उन्हाळा आम्हाला कुणी सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून, रेल्वेनं पाणी आलं. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. घरात गुलाबाच्या सहा कुंड्या होत्या, ह्यांनी लावलेल्या. हे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं पाणी मी त्या गुलाबांना घालायची. अ‍ॅडेनियमला थेंबही नाही. का? तर ते सोशिक!

मे संपेपर्यंत गुलाब गेलेच. कोपऱ्यातल्या अ‍ॅडेनियमकडे पाहिलं तर पानं गळून गेलेली, फांद्या सुरकुतलेल्या आणि बुंधा दाबला तर मऊ. मला वाटलं, हेही कुजलं. फोन लावला. पोरगा म्हणाला, "बाई, बोटानं सगळीकडून दाबून बघा. एकाच जागी मऊ आणि ओलं लागतंय, की सगळीकडे सारखं?" सगळीकडे सारखं होतं. कोरडं, हवा कमी झालेल्या चेंडूसारखं. "मग कुजलेलं नाही. तहानलंय. पाणी द्या."

मी त्या दिवशी एक तांब्या दिला, चार दिवसांनी आणखी एक. पंधरवड्यात बुंधा पुन्हा टणक झाला. झाड जगलं. पण त्या वर्षी फूल आलं नाही. एकही नाही.

तेव्हापासून माझ्या मनात हे पक्कं बसलं आहे की या झाडाला तहान आवडत नाही. आधीच्या पावसाळ्यात जे प्यायलं होतं ते खर्चून त्यानं दिवस काढले. पेन्शन नसलेल्या माणसानं ठेव मोडून खावी, तसं. ठेव आहे तोवर बाहेरून काही दिसत नाही. आणि आपण म्हणतो, बघा, याला काहीच लागत नाही!

आता त्या दुसऱ्या जागेबद्दल.

१९८० च्या दशकात मी तालुक्याच्या एका गावी शाळेत मराठी शिकवत होते. सहावीत एक मुलगी होती. वस्तीवरून चालत यायची. उन्हाळ्यात शाळेच्या आधी विहिरीच्या तीन खेपा करून यायची, म्हणून तिचा परकर पुढून ओला असायचा. पहिल्या तासाला तिला पेंग यायची. कधी काही मागितलं नाही, कधी तक्रार केली नाही. पुस्तक नसलं तर शेजारणीच्या पुस्तकात बघायची. वर्षअखेरीला तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, "शांत, कष्टाळू व सोशिक." अक्षर चांगलं काढून लिहिला, त्याखाली सही केली.

प्रगतिपुस्तक न्यायला तिची आई आली. अंगठा उठवला आणि म्हणाली, काय लिवलंय ते वाचून दाखवा. मी वाचलं. तिनं विचारलं, "सोशिक म्हंजे चांगलंच की, बाई?"

मी म्हटलं, "चांगलंच."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी आली नाही. मी चौकशीला गेले नाही. वर्गात साठाच्या वर मुलं होती, हे कारण मी पुढे स्वतःला बरेचदा दिलं. पण खरं सांगायचं तर, जी मुलगी काहीच मागत नव्हती तिला काही लागत असेल असं माझ्या मनातच आलं नव्हतं. सकाळी काही खाऊन येतेस का, एवढं तरी मला विचारता आलं असतं. मुख्याध्यापकांना सांगून तिला उशिरा यायची सवलत मिळवता आली असती. मी फक्त तिचा गुण लिहिला.

म्हणून म्हणते, 'सोशिक' हा शब्द कौतुकाचा वाटला तरी तो जपून वापरावा. तो ज्याच्याबद्दल म्हणायचा त्याच्यापेक्षा जो म्हणतो त्याच्या सोयीचा असतो. एकदा सोशिक म्हटलं की बघायची जबाबदारी संपते. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजात होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाल्ली आहे. तेव्हापासून ऐकत आले, 'इकडची माणसं काटक, त्यांना सवय आहे.' २०१६ मध्येही तेच ऐकलं. माणसं काटक आहेत हे खोटं नाही. पण ती कशाच्या जिवावर तगली हे कुणी विचारत नाही. कुणी गाय विकली, कुणी डोरलं मोडलं, कुणी पोरीची शाळा बंद केली. तोही साठाच होता आणि तो पुन्हा भरायला किती वर्षं लागतात, हे बाहेरून दिसत नाही.

कुणी म्हणेल, मग काय, कमी पाण्याची झाडं लावूच नयेत? छे! जरूर लावावीत. आमच्यासारख्या गावात गच्चीवर हिरवळ करणं मला पटत नाही. मी स्वतः गुलाब पुन्हा लावले नाहीत, जिवावर आलं तरी. माझं म्हणणं एवढंच की कमी पाणी लागणारं झाड म्हणजे कमी लक्ष लागणारं झाड नव्हे. उलट इथं लक्ष जास्त लागतं. गुलाबाला रोज पाणी घातलं की आपण मोकळे. याला पाणी घालण्याआधी दर वेळी हात लावून बघावं लागतं.

माझं आता असं चालतं. फेब्रुवारीच्या अखेरीला फांद्या छाटते, कारण फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं. उन्हाळ्यात माती दोन बोटं खोल कोरडी झाली की भरपूर पाणी देते, अगदी खालून निथळेपर्यंत. हो, उन्हाळ्यात भरपूर! वाढायचे नि फुलायचे दिवस ते. पावसाळ्यात कुंडी छताखाली. थंडीत पानं गळतात तेव्हा झाड झोपलेलं असतं, मग पंधरा दिवसांनी घोटभर पुरे. आणि आठवड्यातून एकदा बुंधा अंगठ्यानं दाबून बघते. एका जागी ओला-मऊ लागला तर झाड उपटून कुजका भाग कापायचा, सावलीत चार-सहा दिवस वाळू द्यायचं आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावायचं. सगळीकडे सारखा पिचका लागला तर पाणी. दोन्ही वेळा तो मऊच लागतो, पण उपाय अगदी उलटे. चुकलात तर झाड गेलं.

असो. बरंच लांबलं. शाळेची सवय, तास संपल्याशिवाय थांबता येत नाही.

काल सकाळी पुन्हा गच्चीवर गेले. सूनबाई होत्याच, दोरीवर सात माणसांचे कपडे. म्हणाल्या, "काकू, मलाही द्या ना याचं एक रोप." म्हटलं, देईन की. मग जरा थांबून विचारलं, "तुमचा चहा झाला का हो?"

त्या हसल्या. साडेअकरा वाजून गेले होते. नव्हता झाला.