कंबरही सांभाळा, वळणही

पुण्याहून निघून नाशिक गाठले की अनेक जण गाडीतून उतरताना आधी कंबरेवर हात ठेवतात. दोष रस्त्याला दिला जातो, वयाला दिला जातो, क्वचित सीटला. गाडीच्या खाली मात्र कोणी वाकून बघत नाही. गॅरेजमध्ये विषय काढलाच तर ठरलेले उत्तर मिळते: गाडी मऊ केली तर वळणावर डोलणार, रस्त्याला चिकटून पळायला हवी तर दणके सोसावे लागणार. हे उत्तर अर्धेच खरे आहे. या अर्ध्या सत्यापायी लोक पदरचे पैसे घालून कंबर आणि सुरक्षितता, दोन्ही बिघडवून घेतात.

आधी शरीराचे पाहू. बसलेल्या माणसाला सगळी कंपने सारखी बाधत नाहीत. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा वर-खाली होणारी हालचाल सर्वांत जास्त त्रास देते, कारण त्या तालावर धड आणि पोटातले अवयव स्वतःच अधिक हलू लागतात. उलट, सेकंदाला अर्ध्या वेळेपेक्षाही संथ डोलण्याने मळमळते. बोट लागते ती यामुळेच. म्हणून मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलेल, अशी रचना केली जाते. म्हणजेच नुसती मऊ गाडी आरामदायी नसते. ट्रक, बस, ट्रॅक्टर वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते. त्यामागे तासन् तास बसणे आणि ओझी उचलणे असते, तसाच या कंपनांचाही वाटा मानला जातो.

आता यंत्राचे. स्प्रिंग धक्का झेलते, पण तो परतही देते. ती परतफेड रोखण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या ‘शॉकअप’चे. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जिरते. हा शॉकअप थकला की गाडी खड्ड्यानंतरही उसळत राहते. उसळलेल्या चाकाचा रस्त्यावरचा दाब कमी होतो. मग ना ब्रेक नीट लागतो, ना वळण नीट घेता येते. चाक रस्त्यावर टेकलेले राहणे हीच पकड, आणि चाकाची उसळी आत न पोहोचणे हाच आराम. थकलेला शॉकअप बदलला की दोन्ही एकदम सुधारतात. इथे निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही.

इतिहासही हेच सांगतो. बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला दणके बसू नयेत म्हणून हवा भरलेले टायर बनवले आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. हेतू आरामाचा होता. पण १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने तेच टायर लावून शर्यती जिंकल्या.

खरा संघर्ष आहे तो स्प्रिंगांच्या ताठपणाचा. वळणावर गाडी कलू नये म्हणून स्प्रिंग ताठ करावी, तर खड्डा पाठीपर्यंत येतो. यावर अभियंत्यांनी तोड काढली ती अँटी-रोल बारची: डावे-उजवे चाक वेगवेगळे हलले तरच पिळली जाणारी ही पोलादी दांडी कलणे रोखते आणि स्प्रिंग बेताची मऊ ठेवता येते. चांगल्या शॉकअपच्या झडपाही सांगाड्याच्या संथ हालचालीला जास्त आणि खड्ड्याच्या झटक्याला प्रमाणात कमी विरोध करतात. कंपनीने हे गणित एका ठरावीक वजनावर, ठरावीक टायरवर जुळवलेले असते.

ते मोडायला बाजार तयारच असतो. १८५/६५ आर१५ मापाच्या टायरची बाजूची भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. दिसण्यासाठी १७ इंची अलॉय आणि २०५/४५ टायर घातले की ती ९२ वर येते. दणका गिळणारे २८ मिलिमीटर रबर-हवा गेले, आणि बहुधा चाकही जड झाले. जड चाक खड्ड्यातून उसळले की शॉकअपला ते आवरणे कठीण जाते. दुसरा लाडका उपाय स्प्रिंगेच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवण्याचा. गाडी थोडी उंच होते, खालून घासत नाही. पण स्प्रिंग ताठ होते आणि तिला आवरणारा शॉकअप तोच राहतो. तिसरा उपाय हवा कमी ठेवण्याचा. त्याने बारीक खडखड कमी जाणवते, पण टायरची भिंत सतत वाकून तापते. समृद्धीसारख्या महामार्गावर भर उन्हात तासन् तास वेगाने जाताना ही चूक जिवावर बेतू शकते.

खर्चाचा योग्य क्रम अगदी साधा आहे. पहिली हवा: चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा, आणि तोही टायर थंड असताना. गाडी पळवून आल्यावर आकडा काही पीएसआय जास्तच दिसतो. तेव्हा हवा सोडणे चूक. सवयीने ३३ च्या जागी ४० भरणेही चूक. त्याने दणके वाढतात आणि टायर रस्त्याला कमी टेकतो. मग शॉकअपवरचे तेलाचे ओघळ, टायरवर पडलेले खळगे आणि खडखडणारे बुश तपासून घ्यावेत. टायर बदलताना मूळ मापच घ्यावे. हे सारे झाल्यावरही त्रास उरला, तरच गाडीत बदल करण्याचा विचार करावा. लांबच्या प्रवासात दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे आणि पोहोचताच जड बॅगा उचलण्याची घाई करू नये. बराच वेळ बसलेला मणका तेव्हा नाजूक असतो.

रस्तेच वाईट आहेत, त्याला गाडी काय करणार, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा असावा. गल्लोगल्लीचे डांबरी उंचवटे या मापात क्वचितच बसतात. त्याविरुद्ध तक्रार करायलाच हवी. पण रस्ता सुधारेपर्यंत शॉकअप तरी सुस्थितीत ठेवणे मालकाच्या हातात आहे.

हे सर्वाधिक लागू पडते ते दिवसाचे दहा-बारा तास चाकामागे बसणाऱ्या टॅक्सीचालकाला. गाडी त्याची नसेल, तर सीट कव्हर आणि स्क्रीनवर खर्च करणाऱ्या मालकाने शॉकअपचा खर्च पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नये. त्या टाळाटाळीची किंमत चालकाची कंबर रोज मोजते, आणि ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावायची वेळ आली तर मागे बसलेला प्रवासीही.