पडद्यावरचा सुभेदार आणि इतिहासातला सुभेदार

ऐतिहासिक मालिकेतील चुका शोधणे हा अनेक प्रेक्षकांचा आवडता उद्योग असतो. डगल्याची बटणे चुकली, बंदूक नंतरच्या काळातली निघाली, की चर्चा रंगते. अशा चुका टाळल्याच पाहिजेत. परंतु वसाहतकालीन लष्करी जीवनाचे चित्रण खरे की खोटे, हे केवळ त्यांवरून ठरत नाही. हुकूम कोणाचा चालत होता, पगार कोणाच्या तिजोरीतून येत होता आणि कोणाला कोणत्या पायरीवर थांबावे लागत होते, या संबंधांची अचूकता मला अधिक महत्त्वाची वाटते.

स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ साली सुरू झालेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ या मालिकेने सुभेदार रामजी सकपाळ यांचे नाव पुन्हा घराघरांत नेले. ‘सुभेदार’ म्हणताच आपल्या मनात मोगल किंवा मराठा अमदानीतला, सुभ्याचा कारभार पाहणारा मातब्बर अधिकारी उभा राहतो. इंग्रजांनी शब्द तोच ठेवला; अर्थ मात्र संकुचित केला. त्यांच्या पायदळात सुभेदार हा मानाचा हिंदी अधिकारी होता, तरी नुकताच रुजू झालेला तरुण इंग्रज लेफ्टनंटही त्याच्याहून वरचा असे. अशी व्यक्तिरेखा रंगवताना रुबाब दाखवला आणि ही मर्यादा वगळली, तर पोशाख बिनचूक असूनही इतिहास चुकतो.

याच्या उलट चूकही संभवते. लष्कर म्हणजे केवळ जुलूम, असे दाखवणे सोपे आहे. पण गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला याच लष्कराने पगार, निवृत्तिवेतन आणि शिक्षणाची वाट दिली. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. त्यानंतर थोड्याच काळात, १८९०च्या दशकाच्या आरंभी, सैन्याची दारे महारांना बंद झाली. ‘लढवय्या जाती’ ठरवणाऱ्या सरकारी धोरणाने जुन्या सेवेची कदर केली नाही. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. वाट देणारे आणि ती अडवणारे सरकार एकच होते. ही दोन्ही सत्ये एकत्र पेलणे, हीच लेखकाची खरी कसोटी.

बीड जिल्ह्यातील वाचकांना आणखी एक भेद सहज उमगेल. हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता. तो निजामाच्या राज्यात होता. तरीही आजच्या अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची! याच खर्चासाठी १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. उद्या कोणी मोमिनाबादच्या छावणीवर मालिका काढली आणि तेथील स्वाराला सरसकट ‘कंपनी सरकारचा शिपाई’ म्हटले, तर मराठवाड्याच्या पारतंत्र्याचे दुहेरी स्वरूपच पुसले जाईल.

मालिका म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. घरातील संभाषणे कोणी टिपून ठेवलेली नसतात. ती लेखकाला कल्पावीच लागतात. परंतु संवाद कल्पिणे वेगळे आणि अधिकाराची उतरंड बदलणे वेगळे. शिवाय खऱ्या उतरंडीतच मोठे नाट्य आहे. उभी हयात पलटणीत घालवलेला सुभेदार कालच्या पोराला सलाम ठोकतो, या दृश्याला आणखी कोणता मसाला हवा?

म्हणून पुढील वेळी अशी मालिका पाहताना बटणांकडे जरूर पाहा. पण या माणसाला पगार कोण देतो, हुकूम कोण देतो आणि त्याच्या मुलाला उद्या याच पलटणीत जागा आहे का, हेही विचारा. मालिकेला ही उत्तरे देता येत नसतील, तर तिचा गणवेश कितीही अस्सल असला तरी आतला शिपाई खोटा आहे.