झिजलेल्या पार्टची नक्कल

मंडळी, आजचा विषय जरा लोखंडी आहे. पण सॉफ्टवेअरवाल्यांनी लगेच पान बंद करू नये, शेवटी गाडी आपल्याच गल्लीत येणार आहे.

सीएनसी मिलिंग मशीनवर कटरच्या जागी प्रोब लावायचा. जुना पार्ट टेबलावर बांधायचा. मशीनने तो ठिकठिकाणी हात लावून बघायचा, आणि त्या आकड्यांवरून तसाच नवा पार्ट कापायचा. याचे व्हिडिओ बघितले की वाटतं, आली लोखंडाची झेरॉक्स! माझं मत मात्र असं आहे की प्रोब ही फार सुंदर वस्तू आहे, आणि तिच्याकडून नुसती झेरॉक्स काढून घेणं म्हणजे हुशार माणसाला कारकुनी देणं.

गरज कुठे पडते ते आधी सांगतो. आमचा हिंगोली जिल्हा म्हणजे हळद. जानेवारी-फेब्रुवारीपासून काढणी, मग शिजवणे, वाळवणे, आणि शेवटी ड्रममध्ये पॉलिश. या ड्रमचा गिअर किंवा बेअरिंगचं हाउसिंग ऐन सीझनमध्येच जातं (ऑफ-सीझनला गेलेलं मी तरी ऐकलेलं नाही). मशीन पंधरा वर्षांचं. बनवणाऱ्याला फोन केला की ठरलेलं उत्तर, "ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या." इकडे हळद अंगणात पडलेली आणि वर अवकाळीचे ढग.

मग काय करतात? तुटलेला पार्टच जोडजाड करून फाउंड्रीत साचा म्हणून देतात. पण कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणजे २०० मिमीच्या पार्टची नक्कल १९८ ची, आणि त्या नकलेची नक्कल १९६ ची. जुने पॅटर्न बनवणारे यासाठी मुद्दाम लांब खुणा केलेली वेगळी पट्टी वापरायचे. घाईत ती कोण वापरतो?

इथे प्रोब खरंच कामाला येतो. त्याची गोष्टही भारी आहे. डेव्हिड मॅकमर्ट्री नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमध्ये होता. कॉनकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातले बारीक पाइप मोजायचे होते, आणि कडक टोकाने मोजायला गेलं की पाइपच हलायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने टच-ट्रिगर प्रोब बनवला, आणि १९७३ मध्ये जॉन डीअर यांच्याबरोबर रेनिशॉ कंपनी काढली. आतली रचना बघाल तर इतकी साधी की राग येतो! तीन दांड्या, प्रत्येक दांडी दोन गोळ्यांवर टेकलेली, असे सहा टेके, आणि त्या सगळ्यांतून एकच वीजप्रवाह. टोकावरचा माणकाचा गोळा कशाला लागला की एखादा टेका सैल होतो, विरोध वाढतो आणि मशीनला कळतं, लागलं. मशीन तिथल्या तिथे एक्स, वाय, झेड टिपून घेतं. फॅनुक कंट्रोलवर ही आज्ञा जी३१, लिनक्ससीएनसीवर जी३८.२. परत जागेवर बसताना प्रोब मायक्रॉनच्या आसपासच चुकतो.

पण मिळतो तो आकडा गोळ्याच्या मध्याचा असतो, पृष्ठभागाचा नाही. सपाट जागेवर त्रिज्या वजा केली की झालं. ४५ अंशाच्या उतारावर तेवढंच वजा केलंत तर त्रिज्येच्या ०.४१ पट चूक शिल्लक राहते, म्हणजे २ मिमीच्या गोळ्याला ०.४१ मिमी. यावर कॉपी-मिलिंगच्या जमान्यापासून चालत आलेली एक युक्ती आहे. गोळ्याच्या त्रिज्येचाच गोल टोकाचा कटर घ्या आणि गोळ्याचा मध्य ज्या वाटेने गेला त्याच वाटेने कटर न्या. दोन्ही चुका एकमेकींना खातात, गणिताची गरजच नाही. मला हे कळलं तेव्हा दोन मिनिटं नुसता हसत बसलो होतो.

आता झेरॉक्सचा हिशोब. १०० गुणिले १०० मिमीचा चौकोन अर्ध्या मिमीच्या अंतराने टिपायचा म्हणजे २०१ गुणिले २०१, एकूण ४०,४०१ स्पर्श. एका स्पर्शाला दोन सेकंद धरा, साडेबावीस तास होतात. तेवढ्यात लाइट दोनदा जाते. शिवाय तीन अक्षांच्या मशीनवर प्रोब वरूनच येणार. बंद इंपेलरच्या आतली पाती त्याला कधीच दिसत नाहीत.

पण वेळ ही खरी अडचण नाहीच. खरी अडचण ही की समोरचा पार्ट झिजलेला आहे. झिजला म्हणूनच तर तो टेबलावर आलाय! बेअरिंगचं हाउसिंग प्रोबने मोजलं, आलं ६२.१४ मिमी. इमानदारीत ६२.१४ कापलंत तर नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आत खुळखुळणार. आत ६२०६ बेअरिंग बसतं आणि त्याचा बाहेरचा व्यास ६२ असतो हे ज्याला माहीत आहे, तो ६२ वर एच७ कापेल, म्हणजे जास्तीत जास्त ३० मायक्रॉन मोठं. गिअरचंही तेच. दात मोजले ३८, बाहेरचा व्यास १५९.६. दातांच्या संख्येत दोन मिळवून भागा, ३.९९ येतं. म्हणजे मोड्यूल ४ आणि खरा व्यास १६०. दाताची एकेक बाजू हजार ठिकाणी टिपायची गरजच नाही, इनव्होल्यूट वक्र सूत्रातून मिळतो. आकडा ४.२३ आला तर मात्र थांबा, ते इंचातलं, ६ डीपीचं जुनं मशीन असणार.

हे ओळखीचं वाटतंय ना? जुनी सिस्टम नव्यावर न्यायची असते, डॉक्युमेंट नसतं, आणि क्लायंट म्हणतो, "जुनीचा आऊटपुट हाच स्पेक." मग आपण १९९८ सालचे बगसुद्धा प्रेमाने पुन्हा लिहितो, कारण टेस्ट केस पास व्हायला हव्यात. हजारो इनपुट देऊन आऊटपुट टिपणं म्हणजे प्रोबिंगच. काय होतंय ते त्यातून कळतं. का होतंय ते विचारायला कोणाकडे तरी जावंच लागतं, आणि वर्कशॉपमध्ये तो माणूस बहुधा डिप्लोमाही नसलेला पन्नाशीचा टर्नर असतो. त्याने व्हर्नियर लावून "अहो, हे बासष्टचं आहे" म्हटलं की साडेबावीस तास वाचतात. आपल्या पिढीला हा माणूस दिसत नाही, मशीन तेवढं दिसतं, ही माझी खरी तक्रार.

आणि हो, "ही चोरी नाही का?" हा प्रश्न येतोच. पेटंट असेल तर ते २० वर्षं चालतं, त्याच्या आत हात लावू नये. डिझाइन्स कायदा, २००० हा दिसण्याला संरक्षण देतो, निव्वळ यांत्रिक रचनेला नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या मशीनचं साधं हाउसिंग स्वतःच्या दुरुस्तीसाठी बनवणाऱ्याला चोर म्हणणं मला तरी पटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारंही आहेत. पण सुट्या पार्टचं ड्रॉइंग द्यायला कंपन्यांना कोणी भाग पाडत नाही, तोवर प्रोब आणि टर्नर यांच्यावरच भिस्त.

गंमत म्हणजे याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. तिथल्या आरशांना माणकाचा गोळा लावायची सोय नाही, सगळं मोजमाप प्रकाशाने, प्रोटॉनच्याही हजारो पट खाली. आमचा गिअर मात्र अजून १५९.६ आणि १६० मध्येच अडकलाय. असो.

तर कोणी गावाकडे असा पार्ट करून घेणार असेल तर प्रोब जरूर वापरा, पण भोकांची जागा आणि वेडेवाकडे आकार यांसाठी. बाकी आकडे टर्नरला विचारून पक्के करा. आणि काम झालं की मशीनच्या पत्र्यावर आतल्या बाजूने ऑइल पेंटने लिहून ठेवा: दात ३८, मोड्यूल ४, बेअरिंग ६२०६.